इंजिनात टिकणारा आणि प्रिंटरमध्ये न तडकणारा धातू कॉम्प्युटरवर कसा शोधतात

नासाने थ्रीडी प्रिंटरसाठी बनवलेल्या जीआरएक्स-८१० या अलॉयची, म्हणजे मिश्रधातूची, बातमी आली की हेडिंग ठरलेलं असतं, "हजारपट टिकाऊ धातू, कॉम्प्युटरने शोधला". हेडिंग खोटं नाहीये, पण हजारपट म्हणजे कशाच्या तुलनेत आणि कॉम्प्युटरने नेमकं काय केलं, हे त्यात कधीच येत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे. माझ्या मते कॉम्प्युटरने इथे मुख्य काम केलं ते नको ती मिश्रणं बाजूला काढायचं. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटतं, पण पुढे वाचलंत तर कळेल की या धंद्यात तेच सगळ्यात महाग काम आहे.

आधी उष्णतेचं बघू. जेट इंजिनात हवा दाबली जाते, कम्बस्टरमध्ये इंधन जळतं आणि तो धगधगता गॅस टर्बाइनच्या पात्यांवर जातो. सगळ्यात पुढच्या पात्यांवर येणारा गॅस त्या पात्याच्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही गरम असतो, पण पात्याच्या आतून थंड हवा खेळवलेली असते आणि वरून सिरॅमिकचं कोटिंग असतं म्हणून ते जगतं. आता गंमत बघा, निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि लोखंड १५३८ ला, म्हणजे नुसतं वितळण्यावर गेलं तर लोखंडाने जिंकायला हवं, पण इंजिनात निकेलच वापरतात. कारण भानगड वितळण्याची नसतेच, क्रीपची असते. धातू गरम झाला की त्यातले अणू जागा सोडून सरकायला लागतात, आणि त्याच वेळी त्यावर सतत ताण असला तर तो भाग तासातासाने, दिवसादिवसाने थोडा थोडा लांबत जातो. मोडत नाही, वितळत नाही, फक्त लांबतो, आणि एक दिवस बाहेरच्या केसिंगला घासतो किंवा तुटतो. खोलीच्या तापमानाला तोच ताण त्याने वर्षानुवर्षं काही न होता घेतला असता.

निकेलवाले सुपरअलॉय हा क्रीप कसा अडवतात तर त्यात अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम घातलेलं असतं. ते निकेलबरोबर मिळून अगदी बारीक कण तयार करतात, ज्याला गॅमा प्राइम म्हणतात, आणि हे कण धातूच्या आत इतके दाट बसलेले असतात की चांगल्या पात्यात निम्म्याहून जास्त जागा यांचीच असते. धातू वाकतो किंवा लांबतो तेव्हा त्याच्या आतल्या स्फटिकाच्या रांगांमधले दोष सरकत असतात, आणि त्या सरकणाऱ्या दोषांना हे कण वाट अडवून बसतात. शिवाय क्रोमियम आणि अॅल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पातळ घट्ट थर बनवतात, त्यामुळे आतला धातू गंजत नाही. म्हणजे जितका जास्त गॅमा प्राइम तितकं पातं दणकट, हे गणित गेली सत्तर-ऐंशी वर्षं चालत आलंय आणि ते ओतकामासाठी, म्हणजे साच्यात सावकाश थंड होणाऱ्या धातूसाठी अगदी बरोबर आहे.

मग प्रिंटर आला आणि सगळं उलटं झालं.

धातूचा थ्रीडी प्रिंटर, निदान सगळ्यात चालणारा प्रकार, असा असतो: एका प्लेटवर धातूच्या पावडरीचा ३० ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर पसरतात, लेसर त्यावरून साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने फिरतो, जिथे फिरेल तिथली पावडर वितळते आणि लगेच गोठते, मग प्लेट थोडी खाली जाते, वर नवीन थर, परत लेसर. १० सेंटिमीटर उंचीचा पार्ट म्हणजे ४० मायक्रॉनच्या हिशोबाने २,५०० थर. जवळून बघितलं तर लेसरच्या खाली एखाद-दोन दशांश मिलिमीटर रुंदीचं वितळलेल्या धातूचं डबकं असतं, लेसर पुढे सरकला की मिलिसेकंदाच्या आसपास ते गोठलेलं असतं, थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखो अंश इतका. आणि प्रत्येक ठिपका नुसता एकदा वितळून मोकळा होत नाही, वरचे थर पडताना तो परत परत तापतो आणि थंड होतो. थोडक्यात सांगायचं तर प्रिंट केलेला पार्ट म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीचं वेल्डिंग एकावर एक रचलेलं.

आणि जास्त गॅमा प्राइमवाल्या अलॉयला वेल्ड मारायचा नसतो, हे कुठल्याही जुन्या वेल्डरला माहिती असतं. मेटलर्जीच्या पुस्तकात त्याचा एक चार्ट असतो, एका बाजूला अॅल्युमिनियमचं प्रमाण, दुसऱ्या बाजूला टायटॅनियमचं, मध्ये एक तिरकी रेष. रेषेच्या खालचे अलॉय वेल्ड होतात, वरचे तडकतात. टर्बाइनमधली नावाजलेली मंडळी, सीएम२४७ वगैरे, सगळी रेषेच्या वर.

का तडकतात हे समजून घ्यायला शाळेबाहेर मिळणारी ती प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी आठवा. ती चोखत गेलं की रंग आणि साखर आधी निघून येते आणि हातात राहतो पांढरा, बेचव बर्फ, कारण सरबत गोठताना पाणी आधी गोठतं, साखर आणि रंग बाहेर ढकलला जातो आणि शेवटपर्यंत पातळ राहिलेल्या जागांमध्ये गोळा होतो. अलॉय गोठताना अगदी हेच होतं. आधी गोठणारा धातू काही मूलद्रव्यांना बाहेर ढकलतो, ती उरलेल्या द्रवात साठतात, त्यामुळे त्या द्रवाचा गोठणबिंदू आणखी खाली जातो, आणि शेवटी बहुतेक सगळं घट्ट झालेलं असताना गोठलेल्या स्फटिकांच्या मधल्या फटींमध्ये एक पातळ द्रवाची फिल्म राहते. त्याच वेळी आजूबाजूचा धातू थंड होऊन आकसत असतो, म्हणजे ओढत असतो. द्रव फिल्म काय ताण घेणार, ती फाटते. आत नवीन द्रव यायला वाट नसते. झाली भेग.

दुसरा प्रकार नंतर होतो आणि तो जास्त वैताग आणतो, कारण पार्ट प्रिंटरमधून नीट बाहेर आलेला असतो. प्रिंटिंगमुळे आत प्रचंड ताण अडकून बसलेला असतो, तो काढायला पार्ट भट्टीत टाकतात, आणि भट्टीत गरम होताना ताण मोकळा व्हायच्या आधीच गॅमा प्राइमचे कण तयार व्हायला लागतात, धातू कडक होतो, आकसतो, आणि दिवसभर प्रिंट केलेला पार्ट भट्टीत तडकतो.

म्हणून बराच काळ सगळं जग इन्कोनेल ७१८ हा निकेलचाच एक अलॉय प्रिंट करत बसलं आणि अजूनही करतंय. ७१८ मध्ये ताकद देणारे मुख्य कण निओबियमचे असतात आणि ते तयार व्हायला वेळ घेतात, त्यामुळे ताण सुटायला सवड मिळते आणि पार्ट तडकत नाही. पण साधारण ६५० अंशाच्या पुढे तेच कण बिघडायला लागतात आणि ताकद उतरते. म्हणजे जो प्रिंट होतो तो फार गरम चालत नाही, आणि जो गरम चालतो तो प्रिंट होत नाही. प्रिंटिंग सोडून द्यावं म्हटलं तर तेही परवडत नाही. इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन प्रिंट करून मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद चालवून बघितलं, त्यात १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड गेले, आणि ५६५ किलोच्या फोर्जिंगऐवजी (ठोकून घडवलेल्या धातूऐवजी) १३.७ किलो पावडरीत काम झालं. असे आकडे बघितल्यावर कोण मागे फिरणार.

तर मग उपाय एकच, प्रिंटरसाठीच वेगळा अलॉय बनवा. पण बनवायचा कसा? समजा मूळ धातू ठरला आणि त्यात सहा मूलद्रव्यं थोडी थोडी घालायची, प्रत्येकाची दहा वेगवेगळी प्रमाणं, तर दहा लाख मिश्रणं होतात. एक मिश्रण वितळवणं, त्याची पावडर करणं, प्रिंट करणं, तपासणं याला एक आठवडा धरला (आणि एका आठवड्यात हे होत नाही, हे मी फारच उदार होऊन म्हणतोय) तरी एकोणीस हजार वर्षं लागतील. म्हणून पूर्वी लोक माहितीतल्या अलॉयच्या आसपासच फिरायचे, इथे अर्धा टक्का वाढव, तिथे पाव टक्का कमी कर, आणि वीस वर्षांत एखादा नवीन अलॉय हाती लागायचा.

कॉम्प्युटर इथे येतो. यातली मुख्य पद्धत आहे कॅलफॅड, आणि ती एआयच्या कितीतरी आधीची आहे, लॅरी कॉफमनचं त्यावरचं पुस्तक १९७० चं, आणि स्टॉकहोममधून आलेलं थर्मो-कॅल्क हे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकातलं. कल्पना सरळ आहे. धातूचा प्रत्येक रूपप्रकार, म्हणजे द्रव, गॅमा (कणांच्या भोवतीचा मूळ घट्ट धातू), गॅमा प्राइम, वेगवेगळे कार्बाइड (धातू आणि कार्बनची संयुगं), यांची एक ऊर्जा असते आणि ती तापमानावर आणि मिश्रणावर अवलंबून असते. निसर्ग ज्यात एकूण ऊर्जा सगळ्यात कमी होईल तीच मांडणी निवडतो. आता निकेल-क्रोमियम, निकेल-अॅल्युमिनियम अशा दोन-दोन आणि तीन-तीन मूलद्रव्यांच्या मिश्रणांवर लोकांनी अनेक दशकं खपून मोजमापं केलेली आहेत, ती सगळी समीकरणांत बसवायची, आणि मग आठ-दहा मूलद्रव्यांच्या ज्या मिश्रणाला कुणी हातही लावलेला नाही त्याच्यासाठी ही समीकरणं एकत्र करून अंदाज काढायचा. कोणत्या तापमानाला काय तयार होईल, किती टक्के, हे साध्या मशीनवर मिनिटांत मिळतं. या सगळ्याच्या मुळाशी ती जुन्या लोकांची मोजमापं आहेत हे मात्र कुठल्या बातमीत येत नाही, त्यांना कोण विचारतो.

कॅलफॅडवरच शाइलचं गणित बसवतात, जे बरोब्बर त्या नळीतल्या पेप्सीचं गणित आहे: गोठलेला भाग आता बदलणार नाही, उरलेला द्रव मात्र पूर्ण मिसळलेला आहे, असं धरून चालायचं आणि थोडं थोडं गोठवत जायचं. त्यातून कळतं की शेवटच्या थेंबात काय साठेल आणि तो किती तापमानापर्यंत पातळ राहील. गोठण्याला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे एवढंच बघून चालत नाही, कारण तडा जातो तो शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत, म्हणून त्या शेवटच्या भागात तापमान किती झपाट्याने खाली उतरतं हे मोजणारा एक निर्देशांक सिंदो कोऊ यांनी २०१५ मध्ये मांडला. तो निर्देशांक मोठा तर तडकायचा धोका मोठा. लेसरच्या वेगात शाइलचं गणित तंतोतंत लागू पडत नाही, काही अणू बाहेर ढकलले जायच्या आधीच आत अडकतात, पण दोन मिश्रणांत वाईट कोण हे सांगायला तेवढं पुरतं.

आता खरी कुस्ती सुरू होते. गॅमा प्राइम वाढवला तर ताकद वाढते पण भट्टीत तडकतं. अॅल्युमिनियम ऑक्सिडेशन, म्हणजे गंजणं, अडवायला हवं पण तेच गॅमा प्राइम बनवतं. टंगस्टन, रेनियम यांचे अणू जड आणि हळू सरकणारे, म्हणून क्रीपसाठी चांगले, पण जास्त झाले तर धातूच्या आत ठिसूळ नको ते प्रकार तयार होतात, शिवाय वजन आणि किंमत वाढते. क्रोमियम गंजापासून वाचवतं पण तेही जास्त झालं की तोच ठिसूळपणा. म्हणजे प्रत्येक मूलद्रव्य एकाला हवं आणि दुसऱ्याला नको. माणसाच्या डोक्यात यातल्या दोन-तीन गोष्टी एका वेळी राहतात, कॉम्प्युटर सगळ्यांवर एकाच वेळी चाळण लावतो: तडकण्याचा निर्देशांक इतक्याच्या आत, ठिसूळ प्रकार शून्य, घनता इतकी, किंमत इतकी, आणि या सगळ्यातून जे उरेल त्यात क्रीपला चांगलं कोण. ऑक्सफर्डमध्ये रॉजर रीड यांच्या गटाने याच पद्धतीने एबीडी-९००एएम नावाचा निकेल अलॉय काढला, त्यात गॅमा प्राइम ७१८ वाल्या पट्टीपेक्षा बराच वर नेऊन ठेवलाय पण तडकणाऱ्या टोकाच्या अलीकडे थांबवलाय, नावातला ९०० म्हणजे साधारण तेवढ्या अंशापर्यंत वापरायचा. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला ट्रेसा पोलॉक यांच्या गटाने २०२० मध्ये दुसराच रस्ता घेतला, कोबाल्ट आणि निकेल जवळपास बरोबरीने घेऊन असं मिश्रण की गोठताना मूलद्रव्यं फारशी बाहेर ढकललीच जात नाहीत, त्यामुळे गॅमा प्राइम भरपूर असूनही प्रिंट तडकला नाही. मला वैयक्तिक हा रस्ता जास्त आवडतो, पण प्रसिद्धी मिळाली नासाला.

नासाने काय केलं तर गॅमा प्राइमचा नादच सोडला. क्लीव्हलँडच्या ग्लेन रिसर्च सेंटरमधले टिम स्मिथ आणि ख्रिस्तोफर कान्ट्झोस यांचं हे काम, पेपर २०२३ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला. त्यांचं म्हणणं असं की साधारण १,१०० अंशाजवळ गॅमा प्राइमचे कण पुन्हा धातूत विरघळायला लागतात, म्हणजे ज्याच्यावर भरवसा तोच पळून जातो, त्यापेक्षा न विरघळणारं काहीतरी घाला. ते म्हणजे यिट्रियम ऑक्साइड, २,४०० अंशाच्या पुढे वितळणारं. ऑक्साइडचे कण घालून धातू पक्का करायची आयडिया १९६० च्या दशकापासून आहे, पण तेव्हा धातूची पावडर आणि ऑक्साइड बॉल मिलमध्ये, म्हणजे आत जड गोळे असलेल्या फिरत्या डब्यात, तासन् तास कुटायला लागायचं, खर्च अफाट, आणि कुटून पावडरीचे कण चपटे, वेडेवाकडे होतात जे प्रिंटरमध्ये नीट पसरत नाहीत. ऑक्साइड वितळलेल्या धातूत नुसतं ढवळलं तर त्याच्या गुठळ्या होऊन वर येतात.

इथे त्यांनी जे केलं ते मला कॉम्प्युटरच्या भागापेक्षाही भारी वाटतं. गोल धातूकण आणि नॅनो आकाराचं ऑक्साइड एका डब्यात घालून तो डबा सेकंदाला साठेक वेळा जोरात खालीवर हलवायचा. बॉल नाही, चिकटवायला केमिकल नाही, तासाभराच्या आत प्रत्येक धातूकणावर ऑक्साइडचा लेप बसतो आणि कण गोलचे गोल राहतात. मग लेसर फिरला की धातू वितळतो, त्या डबक्यात जोराची घुसळण होते आणि ऑक्साइड सगळीकडे पसरतं, आणि गुठळ्या व्हायच्या आत डबकं गोठलेलं असतं. प्रिंटरचा जो वेग बाकीच्यांना तडे देत होता तोच इथे कामाला आला.

मूळ धातू म्हणून निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम जवळपास समान घेतलं, आणि बाकीचं चिमूटभर काय घालायचं ते मॉडेलवर ठरवलं: थोडं टंगस्टन, थोडं रेनियम, निओबियम, टायटॅनियम, अॅल्युमिनियम, कार्बन. कार्बनचंच उदाहरण घ्या. धातूचे स्फटिक जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर कार्बाइड असले तर क्रीपला बरं, पण कार्बन मोकळा सोडला तर तो क्रोमियमशी जोडी जमवतो आणि मग त्या जागी गंजापासून वाचवायला क्रोमियमच उरत नाही. म्हणून निओबियम आणि टायटॅनियम असं मोजून घालायचं की कार्बन त्यांच्याकडे जाईल, आणि तरीही ते इतकं जास्त नको की भलतेच ठिसूळ प्रकार तयार होतील. हे सगळं भट्टी न पेटवता बघून झालं, नासाच्या सांगण्याप्रमाणे ३० सिम्युलेशनमध्ये मिश्रण पक्कं झालं. दहा लाखांतून ३० मध्ये कसं पोचले, तर कुठे बघायचं हे त्या दोघांना आधीच माहिती होतं, समान निकेल-कोबाल्ट-क्रोमियमवर ऑक्साइड बसवून त्यांनी २०२० मध्येच पेपर लिहिला होता.

आता ते हजारपट. पेपरमधला दावा असा आहे की १,०९३ अंश सेल्सिअसला (हा विचित्र आकडा म्हणजे २,००० फॅरनहाइट, अमेरिकन लोक) ताकद दुप्पट, ऑक्सिडेशनला तोंड देणं दुप्पट आणि क्रीपमध्ये टिकणं हजारपटीहून जास्त. तुलना कुणाशी, तर प्रिंटिंगमध्ये आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकेल अलॉयशी. त्यात ७१८ आहे, ज्याचा दम ६५० लाच संपतो. त्याला १,०९३ ला उभं केलं तर तो हरणारच ना. टर्बाइनमधल्या एकाच स्फटिकाच्या पात्यांशी ही तुलना नाही, आणि खोलीच्या तापमानाला किंवा ५००-६०० अंशाला तर नीट हीट ट्रीटमेंट केलेला ७१८ च जीआरएक्सपेक्षा बराच ताकदवान आहे. त्यामुळे फिरणारी टर्बाइन डिस्क कुणी याची करणार नाही. कम्बस्टरचे भाग, इंधनाचे नोझल, रॉकेट इंजिनचे गरम तुकडे, जिथे ताण तुलनेने कमी पण आच भयंकर, तिथे हा धातू शोभतो. नासाने मे २०२४ मध्ये चार अमेरिकन कंपन्यांना तो बनवायचं लायसन्सही दिलंय.

एआयचं काय, हे कुणीतरी विचारणारच. मशीन लर्निंग वापरतात, आणि कॅलफॅडने काढलेल्या हजारो उत्तरांवर ते शिकवलं की चाळण आणखी झपाट्याने लागते. पण धातूंचा खरा डेटा फार थोडा आहे, क्रीपचा एक बिंदू मिळवायला महिने जातात, आणि छापला जातो तो जमलेल्या अलॉयचा, तडकून भंगारात गेलेल्यांचा कुणी पेपर लिहीत नाही. मॉडेलला फक्त पास झालेली मुलं दाखवून नापास कोण होईल हे विचारायचं, असं चाललेलं असतं.

आपल्याकडे हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीत सुपरअलॉय बनतात, आणि पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने मटेरियल आणि ते बनवायची प्रक्रिया दोन्ही एकत्र सिम्युलेट करण्यासाठी प्रीमॅप नावाचा प्लॅटफॉर्म बनवला, म्हणजे या विषयात मराठी मुलामुलींना काम करायला अगदी क्लीव्हलँडच गाठायला हवं असं नाही. मेटलर्जीला अॅडमिशन मिळाली म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एक गोष्ट मात्र कॉम्प्युटरने अजून फारशी हलवलेली नाही, ती म्हणजे पार्ट विमानात बसवायची परवानगी. त्यासाठी क्रीपचे आकडे खरे, मोजलेले लागतात: नमुना भट्टीत टांगायचा, वजन लावायचं आणि बघत बसायचं. प्रिंट केलेल्या नमुन्याचं आणखी एक झेंगट असतं, थरांच्या दिशेने ओढलं तर एक उत्तर आणि आडवं ओढलं तर दुसरं, म्हणून दोन्हीकडून टेस्ट, वेगवेगळ्या मशीनवर छापलेल्या नमुन्यांची टेस्ट, दहाव्यांदा वापरलेल्या पावडरीची टेस्ट. वाट बघणं कमी करायला लोक लार्सन-मिलर नावाचं १९५२ चं सूत्र वापरतात, त्यात जास्त तापमानाला थोडे तास टांगून कमी तापमानाच्या हजारो तासांचा अंदाज काढतात, आणि तो अंदाज खरा धरायचा असेल तर दोन्ही तापमानांना धातू एकाच कारणाने लांबतोय याची खात्री लागते, जी गॅमा प्राइमवाल्यांत कण विरघळायला लागले की जाते.